बिऱ्हाड पुढे, आम्ही मागे

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण सहज म्हणून जातो. ते ओढताना त्या बापड्याला काय सायास पडत असतील, याचा विचार आपण करीत नाही. मला तो करावा लागला २०२३ च्या आषाढात, लखनौहून सीतापूर जिल्ह्यातल्या सिधौलीस माझी बदली झाली तेव्हा.

पाश्चात्त्य देशांत मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून लोक सहलीस निघतात. आपल्याकडे ती हौस फारशी नाही. पण चाकांवरचा संसार आपल्यालाही नवा नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघणारी ऊसतोडीची बिऱ्हाडे आठवा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, आणि त्या साऱ्यावर बसलेली माणसे! आमचे बिऱ्हाड त्या मानाने सुटसुटीत होते. एक दोनचाकी ट्रॉली, आणि वर ताडपत्री.

चालक साठीचे गृहस्थ. सारे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. आम्ही मोठ्या हौसेने भरलेली ट्रॉली त्यांनी एकवार पाहिली आणि अर्धी रिकामी करविली. पुस्तकांच्या पेट्या आम्ही अगदी मागे लोटल्या होत्या. वजन आसाच्या मागे गेले की पुढचा दांडा उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सैल होते आणि ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. तेव्हा पेट्या व कपाट आसाच्या जरा पुढे आले, गाद्या मागे गेल्या. माझ्या ग्रंथसंग्रहाचा इतका रोकडा उपयोग पूर्वी कोणी केला नव्हता.

आमच्या सौ.चा बेत निराळाच होता. काचेची भांडी सांभाळण्यासाठी त्या ताडपत्रीखाली बसणार होत्या. चाचा म्हणाले, "नाही बेटी. माणूस बसणार नाही."

सौ. हटून बसल्या. तेव्हा आवाज न चढविता त्यांनी आदल्या वर्षीची गोष्ट सांगितली. २६ सप्टेंबर २०२२, नवरात्राचा पहिला दिवस. सीतापूरकडून देवदर्शनास निघालेली ट्रॉली इटौंज्याजवळ तळ्यात उलटली आणि दहा जण गेले. पाचच दिवसांनी कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ दुसरी ट्रॉली तळ्यात गेली. तिच्यात पंचवीसहून अधिक माणसे दगावली, बहुतेक बायका आणि मुले. ट्रॉली शेतीच्या कामासाठी आणि मालासाठीच वापरावी, असे सरकारने त्यानंतर बजावले. "इटौंजा आपल्याच वाटेवर आहे," एवढेच चाचा शेवटी म्हणाले. सौ. मुकाट्याने आमच्या मोटारीत येऊन बसल्या.

बख्शी का तालाब येईपर्यंत पाऊस रिपरिपत होता. पुढे त्याने झोडपायला आरंभ केला. ट्रॉलीचे मागचे दिवे चिखलाने केव्हाच मिटले होते. चाचांनी थांबून सांगितले, "तुम्ही माझ्या मागेच राहा. तुमचे दिवे तेच माझे दिवे." तेव्हापासून आमचा संसार पुढे आणि आम्ही त्याच्या पाठीशी अशी वरात निघाली. बाजूने भरधाव ट्रक जाई, त्याच्या वाऱ्याने ट्रॉली क्षणभर डुले, आणि सौ. माझा दंड घट्ट धरीत. मी गाडी चालवीत आहे, याची आठवण त्यांना द्यावी लागे.

पुलाच्या उतारावर चाचांनी वेग अगोदरच उतरविला आणि खालचा गिअर टाकला. चहाच्या टपरीवर मी त्याचे कारण विचारले. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टर एकाएकी थांबला तरी मागचे ओझे थांबत नाही. ओल्या रस्त्यावर ते ट्रॅक्टरलाच ढकलते आणि आडवे येते. आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखविली. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. शेतात जागच्या जागी वळायला ते उपयोगी. पण हमरस्त्यावर दोन्ही पायटे कडीने जोडलेच पाहिजेत, नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो. घाईत ही कडी लावायची राहून जाते. चाचांनी ती माझ्या हाताने हलवून पाहावयास लावली.

इटौंजा गेले. पाण्याच्या पडद्यापलीकडे काही दिसले नाही. मोटारीत कोणी बोललेही नाही.

सिधौलीस पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताडपत्री सोडली. एका पेटीचा कोपरा भिजला होता, कपबशा मात्र साऱ्या शाबूत. सौ.नी त्याच कपांत चाचांना चहा दिला. तो संपवून त्यांनी कडी पुन्हा चाचपली, दांड्याची खीळ पाहिली आणि रिकामी ट्रॉली खडखडवीत ते लखनौच्या वाटेला लागले. आता त्यांच्या मागे दिवे दाखवायला कोणी नव्हते. हे ध्यानात येऊन मी बाहेर धावलो, तोवर ते वळणाआड गेले होते.