छर्रा, डोळा आणि पहिला दिवस
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाची पत्रके या अहवालात अन्यत्र दिली आहेतच. आमचा पेशा हिशेबाचा. तरीही ताळेबंदात न मावणारी एक बाब आज आपल्यापुढे मांडण्याची अनुमती असावी.

जत्रेतील फुगे फोडण्याची बंदूक आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचा शिशाचा छर्रा जेमतेम ४.५ मिलिमीटर जाडीचा, वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम. खेळणे समजून घरी आणलेल्या अशाच एअरगनचा छर्रा लागून नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला, तो तिसऱ्या दिवशी. बाहेरून जखम लहान दिसली म्हणून घरच्यांनी डोळा धुऊन घट्ट पट्टी बांधली होती. त्यांना आम्ही दोष देत नाही; योग्य ते त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

सीटी स्कॅनमध्ये छर्रा डोळ्याच्या आत दिसला. आमच्या शल्यविशारदांनी प्रथम डोळ्याची जखम केसाहून बारीक धाग्याने शिवली. पुढील शस्त्रक्रियेत फुटलेले भिंग व रक्ताळलेला काचद्रव काढला, छर्रा बाहेर घेतला आणि सुटलेला दृष्टिपटल जागी बसवून सिलिकॉन तेल भरले. डोळा राहिला, परंतु त्या डोळ्याने मुलाला समोरची बोटे मोजता येतात, अक्षरे वाचता येत नाहीत. डोळ्यातील दाब वाढू नये, दृष्टिपटल पुन्हा सुटू नये, यासाठी त्याला अनेक वर्षे तपासणीस यावे लागेल.

म्हणून विनंती अशी की, असा प्रसंग ओढवल्यास डोळा चोळू, दाबू वा धुवू नये. रुतलेली वस्तू ओढू नये. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्यावर उपडा ठेवावा. त्याच्या कडा भोवतालच्या हाडावर टेकाव्यात, डोळ्याला स्पर्श होऊ नये. भूल द्यावी लागेल, यास्तव काही खाऊ-पिऊ न घालता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धातूची शंका असेपर्यंत एमआरआय करू नये. त्याहूनही उत्तम म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या चष्म्याविना आणि मोठ्यांच्या देखरेखीविना मुलांच्या हाती एअरगन देऊच नये.

अशा जखमा वेळ पाहून होत नाहीत. जत्रा रात्री भरते, तेव्हा आमचे शस्त्रक्रियागृहही रात्री उघडे असले पाहिजे. आपली देणगी त्या दिव्यासाठी खर्ची पडते, एवढे नम्रपणे नमूद करून आम्ही आपली रजा घेतो.