जखम भरल्यानंतरचं काम

(चेणे येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. विषय करिअरचा, म्हणून तुम्ही कोडिंगबद्दल ऐकायला आला असाल. पण मी ज्या कामाबद्दल बोलणार आहे, ते मी स्वतः करत नाही. ते काम करणारी एक बाई भेटली, म्हणून माझी आपा सावरली.

काही वर्षांपूर्वी स्वयंपाक करताना आपाचा दुपट्टा पेटला. मान, गाल, उजवा हात भाजला. मी कर्ज काढून ऑपरेशन केलं. जखमा भरल्या, डिस्चार्ज मिळाला. मला वाटलं, संपलं.

अम्मीने घरातला आरसा काढून ठेवला. आपा नकाब घालू लागली, लग्नांना जाईना. नातेवाईक म्हणाले, "मुलगी दीनदार झाली." आम्हीही खूश. पुढे तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या सोशल वर्करने सरळ विचारलं, "नकाब आवडतो म्हणून घालता, की कोणी पाहू नये म्हणून?" आपा कितीतरी वेळ रडत होती. नकाब घालायचा की नाही, हा तिचाच निर्णय. पण आमच्या कौतुकाखाली तिचं दुःख झाकलं गेलं होतं, आणि ते मला, सख्ख्या भावाला, दिसलं नव्हतं.

भाजलेल्या माणसाचं दुखणं डिस्चार्जने संपत नाही. व्रण आखडू नयेत म्हणून व्यायाम करावा लागतो, घट्ट प्रेशर गार्मेंट महिनोन्‌महिने, दिवसाचे जवळपास 23 तास घालावे लागतात. मन खचलं की माणूस हे सगळं सोडून देतो. झोपेत आग दिसते, गॅसजवळ जायची भीती वाटते. त्यावर मानसशास्त्रज्ञ उपचार करतो. ट्रस्टकडून मदत मिळवणं, मुलाला पुन्हा शाळेत बसवणं, जळण्यामागे घरातला छळ आहे का हे ओळखणं, हे सोशल वर्करचं काम. कायदाही माहीत हवा. अ‍ॅसिड हल्ला झालेल्यांना किमान 3 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांचा समावेश झाला.

या कामाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. आजची 'टिस' 1936 मध्ये सुरू झाली आणि भारतातली पहिली वैद्यकीय सोशल वर्कर 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात नेमली गेली. निर्मला निकेतन 1955 पासून समाजकार्य शिकवतंय. बारावीनंतर बीएसडब्ल्यू करता येतं. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर मानसशास्त्रात एमए, पुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. रस्ता लांब आहे आणि पगार माझ्या क्षेत्राइतका नाही, हे आधीच सांगतो. पण काम दूर शोधायला नको. इथून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला गेलात की पुढे ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

तुम्हीच का? कारण मुंब्रा, भिवंडी, मीरा रोडची घरं तुम्ही आतून ओळखता. मराठी, उर्दू, हिंदी, तिन्हींत रुग्णाशी बोलू शकता. सासू शेजारी उभी असताना सून "स्टोव्हचा भडका उडाला" एवढंच का म्हणते, हे तुम्हाला कळतं. आणि हे फक्त आपल्या लोकांसाठी नाही. वॉर्डातल्या खाटेवर कोणाचीही आपा असते.

मुंबईची रेश्मा कुरेशी अ‍ॅसिड हल्ल्यानंतर 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन वीकमध्ये चालली. जगाने टाळ्या वाजवल्या. पण प्रत्येकीला न्यूयॉर्कला जायचं नसतं. माझ्या आपाला गल्लीतल्या दुकानापर्यंत जायचं होतं. त्यालाही सोबत लागतेच.

शेवटी भावांना एक विनंती. बहीण म्हणाली, "मला सायकॉलॉजी घ्यायचीय," तर "पागलों की डॉक्टर बनेगी क्या?" म्हणून हसू नका. मीही पूर्वी हसलो असतो. आणि हे काम फक्त बहिणींचं आहे असंही समजू नका. पुरुषांच्या वॉर्डातही माणसं जळालेलीच असतात, आणि तीही बोलत नाहीत.