बदकाच्या मानेचं विमान

(मंडळाच्या 'आपले छंद' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'घरी बांधलेलं विमान' असं छापलंय. मघाशी चहाच्या रांगेत तिघांनी विचारलं, "रिमोटवालं ना?" नाही हो. दोन माणसं बसतात त्यात, एकामागे एक. पुढे मी, आणि मागे जो कुणी विश्वास ठेवेल तो!

या विमानाचं नाव लाँग-ईझी. कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटात बर्ट रुटान या इंजिनिअरने त्याची रचना केली. पहिलं उड्डाण १९७९ साली झालं. रुटान म्हणजे तेच, ज्यांचं 'व्हॉयेजर' १९८६ साली कुठेही न थांबता, वाटेत इंधन न घेता ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. ते लाँग-ईझीचे नकाशे विकायचे, विमान तुम्ही बांधायचं. अमेरिकेत कायदा असा आहे की बांधकामाचा मोठा भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केला असेल, तर त्या विमानाला 'एक्स्परिमेंटल' म्हणून परवाना मिळतो. १९८५ साली रुटाननी नकाशे विकणं थांबवलं. म्हणून मी एका गृहस्थांचं अर्धवट राहिलेलं प्रोजेक्ट विकत घेतलं आणि गॅरेजमध्ये आणून ठेवलं. गाड्या तेव्हापासून बाहेर उन्हात. सौ. ने हा विषय इथे काढू नये अशी विनंती आहे.

या जातीच्या विमानाला 'कॅनार्ड' म्हणतात. कॅनार्ड म्हणजे फ्रेंचमध्ये बदक. उडणाऱ्या बदकाची मान लांब पुढे आणि पंख मागे असतात ना, तसंच. मोठा पंख मागे, आणि एरवी शेपटीपाशी असणारा छोटा पंख पुढे नाकाजवळ. इंजिन आणि पंखा पार पाठीमागे. त्यामुळे पायलट उतरला की विमान मागे कलंडायला बघतं. त्यावर रुटानचा उपाय म्हणजे पुढचं चाक आत घ्यायचं आणि विमान नाकावर टेकवून ठेवायचं. हँगरमध्ये ते कायम नमस्कार घालून बसलेलं दिसतं. माझी आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, "संस्कारी दिसतंय!"

आता थोडं शास्त्र, पण दोनच मिनिटं. पंखाचा हवेशी कोन फार वाढला की हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि उचल एकदम घटते. याला म्हणतात स्टॉल. जमिनीजवळ स्टॉल झाला तर सावरायला जागा उरत नाही. कॅनार्डची युक्ती अशी की पुढचा छोटा पंख आधी दमतो. तो दमला की नाक आपोआप थोडं खाली येतं, वेग वाढतो, तो पुन्हा कामाला लागतो. मागच्या मोठ्या पंखावर स्टॉलची पाळी येऊच द्यायची नाही. सगळी सुरक्षितता आहे ती या 'आधी कोण' मध्ये.

मग मी बदल का केले? कारण पाऊस. माझ्या विमानाचा पुढचा पंख जुन्या पद्धतीचा होता. त्याचा आकार ग्लासगो विद्यापीठात तयार झालेला. कोरड्या हवेत उत्तम. पण त्याच्यावर पाण्याचे थेंब बसले की हवेचा गुळगुळीत प्रवाह बिघडायचा, उचल कमी व्हायची आणि नाक खाली जायला लागायचं. वर असताना स्टिक थोडी मागे ओढली की भागायचं. पण ओल्या धावपट्टीवरून उडताना नाक उचलायला जास्त वेग लागतो, म्हणजे जास्त धावपट्टी. एकट्याने उडताना मी पाऊस बघून बेत रद्द करायचो. पण मुलगी म्हणू लागली, "बाबा, मला मागच्या सीटवर कधी नेणार?" आणि प्रश्न बदलला.

यावर उत्तर आधीच होतं. जॉन रॉन्झ या संशोधकाने लाँग-ईझीसाठी नवा पुढचा पंख आखला, जो पावसात रुसत नाही. व्हॉयेजरच्या पंखांचे आकारही त्यांचेच. मी तो बांधायचं ठरवलं. निळ्या फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने कापायचा, वर काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी. तार कापताना दोन टोकांना दोन माणसं लागतात. दोन्हीकडे पंखाच्या आकाराचे साचे, त्यांवर आकडे लिहिलेले, आणि दोघांची तार एकाच वेळी त्याच आकड्यावर हवी. एकाने आकडे मोठ्याने म्हणायचे. ते काम सौ. ने केलं, मराठीत. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्याकडे काहीतरी पूजा चालू आहे!

हँगरमधल्या एका मित्राने सल्ला दिला, "पंख बदलतोच आहेस, तर इंजिनही मोठं टाक." ऐकायला छान. पण इंजिन मागे आहे. तिथे वजन वाढलं की तोल मागे सरकतो आणि नेमकं ते 'आधी कोण' धोक्यात येतं. मग तोल साधायला नाकात शिसं भरा. त्याने वजन वाढलं, म्हणून उतरायचा वेग वाढला. वेग वाढला, म्हणून ब्रेकवर ताण. एका सुधारणेच्या मागे चार दुरुस्त्या! काहींनी हे व्यवस्थित हिशेब करून केलंय, पण मला ते नको होतं.

आणखी एक गंमत सांगतो. पुढचा पंख जास्त चांगला झाला तर बरं, असं कुणालाही वाटेल. चूक! तो फार दमदार झाला, तर मागचा पंख आधी दमू शकतो, आणि मग विमान सपाट अवस्थेत खाली येत राहतं, नाक काही केल्या खाली जात नाही. नॅट पफर यांनी याच घराण्यातलं चार सीटचं 'कोझी' काढलं, तेव्हा चाचण्यांनंतर त्याच्या कॅनार्डची लांबी मुद्दाम कमी केली. म्हणजे सुधारणा कधीकधी कापण्यातही असते.

गायक जॉन डेनव्हर आठवतो ना? १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या समुद्रात तो लाँग-ईझीसकट पडला आणि गेला. ते विमान त्याने बांधलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं. नकाशात इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या पायांमध्ये आहे. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसवला होता. तपास अहवालानुसार तो फिरवताना लक्ष विचलित झालं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं आणि ताबा सुटला. पायलटचा अपुरा सराव हेही कारण नोंदलं आहे. बांधणाऱ्याला ती जागा सोयीचीच वाटली असणार. मी माझ्या गॅरेजच्या भिंतीवर एक वाक्य लिहिलं: 'हा बदल ज्याला ठाऊक नाही, तो माणूस इथे बसला तर?'

नवा पंख बसवल्यावर कायद्याप्रमाणे लॉगबुकात नोंद आणि ठरलेल्या भागात किमान ५ तासांची चाचणी. त्यात प्रवासी न्यायला बंदी. मी पाचावर थांबलो नाही. भरपूर उंचीवर जाऊन वेग हळूहळू कमी केला, स्टिक पूर्ण मागे. नाक हलकेच खाली-वर डोलायला लागलं, म्हणजे पुढचा पंख दमतोय, मागचा शाबूत. मग मागच्या सीटवर वजनं बांधून, थोडी थोडी वाढवत, तेच पुन्हा. शेवटी एक दिवस विमानतळाशेजारून हलकी सर जात होती, तिच्यात शिरलो. काच भिजली, पंख भिजला, आणि स्टिक हातात जिथे होती तिथेच राहिली. वेगात म्हणाल तर फारसा फरक नाही. दिसायला तर काहीच नाही!

मुलगी त्यानंतर मागे बसली. खाली आल्यावर म्हणाली, "यात नवीन काय आहे? काहीच जाणवलं नाही." एवढं मोठं सर्टिफिकेट मला दुसरं मिळालेलं नाही.

जाता जाता आपल्याकडचं सांगतो. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीने, म्हणजे एन.ए.एल.ने, या लाँग-ईझीवरच बेतलेलं कॅनार्ड विमान १९८७ साली उडवलं होतं. आणि कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. त्यांची रचना वेगळी, पण खाज तीच. माझ्याकडे निदान गॅरेज होतं!

तुमच्यापैकी कुणाच्या मुलांना हातात पाना धरायचा असेल, तर शनिवारी सकाळी हँगरवर पाठवा. चहा आमचा, फराळ तुमचा. दिवाळीच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा!