मुदत टळलेल्या आज्ञा

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम डिस्ककडे एखादी आज्ञा धाडते, तेव्हां त्या आज्ञेसाठीं एक घड्याळहि लावून ठेवते. लिनक्समध्यें स्कझी डिस्कसाठीं ही मुदत सामान्यतः ३० सेकंदांची असते. तेवढ्यांत उत्तर न आल्यास प्रथम ती एकच आज्ञा रद्द करण्याचा यत्न होतो. तो फसला तर नव्या आज्ञा अडवून ठेवून आधीं डिस्क आणि अखेरीस सबंध कंट्रोलर रीसेट केला जातो. एवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर डिस्कला सेवेंतून दूर करतात.

खरी अडचण निराळीच आहे. कंट्रोलरमध्यें दोष आढळल्यामुळें त्याचा ड्रायव्हर स्वतःच रीसेट चालवीत असेल, तर त्या अवधींतहि आज्ञांचीं घड्याळें चालूच राहतात. डिस्क निर्दोष, आज्ञाहि निर्दोष. वाट तेवढी बंद! अशा वेळीं मुदत टळल्याची सूचना येतांच 'घड्याळ पुनः लावा' असें उत्तर देण्याची मुभा लिनक्सनें ड्रायव्हरला ठेवली आहे. फायबर चॅनेलच्या जोडणींत पलीकडचें टोक तात्पुरतें अडलें असल्यास हेंच केलें जातें. मात्र या सवलतीसहि कोठें तरी सीमा हवी. एरवीं मेलेल्या डिस्कच्या उत्तरासाठीं वरचा प्रोग्रॅम अखंड ताटकळत बसेल.

ताटकळणें निदान डोळ्यांना दिसतें. उतावीळपणाची हानि दिसत नाहीं, म्हणून मला ती अधिक भयंकर वाटते. कंट्रोलर प्रोसेसरला मध्यें न घालतां थेट मेमरींत लिहीत असतो. वाचनाची आज्ञा 'फसली' म्हणून ड्रायव्हरनें घाईनें परत केली, कीं तिच्यासाठीं राखलेली मेमरी मोकळी होऊन दुसऱ्या कामास दिली जाते; आणि मागाहून जागा झालेला कंट्रोलर जुनी माहिती नेमकी तेथेंच आणून ओततो. भाडेकरू बदलला, पण जुन्याचें सामान त्याच खोलींत येऊन पडलें, असा हा प्रकार! लेखनाच्या आज्ञेंत तर याहून वाईट घडूं शकतें: पुनः धाडलेलें लेखन पुरें होऊन त्याच जागीं नवा मजकूर लिहिला गेल्यावर पहिलें, रेंगाळलेलें लेखन डिस्कवर पोंचतें आणि जमाखर्चाचा ताजा आंकडा पुसून जुना उमटवितें.

म्हणून क्रम ठरलेला असावा लागतो. ड्रायव्हरनें आधीं कंट्रोलरचा मेमरीवरील हात खरोखर सुटला याची खात्री करून घ्यावी, मगच अडकलेल्या आज्ञा वर परत कराव्या, आणि त्यानंतर नव्यांना वाट मोकळी करावी. प्रशासक डिस्कची मुदत ३० वरून वाढवूं शकतो, आणि बिघडलेला भाग वाचण्यांत दीर्घकाळ झटणाऱ्या स्वस्त डिस्कसाठीं तें इष्टहि असतें; पण हा क्रम चुकलेल्या ड्रायव्हरला त्या वाढीव सेकंदांचा कांहीं उपयोग नाहीं.