‘बरं हाय’च्या पलीकडे



 पुरुषांच्या मनावर बोलण्यासाठी ही परिषद शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यात भरते आहे, हे योग्यच आहे.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. पेरणीच्या तोंडावर शेतकरी उधारीवर बियाणं न्यायला येतात. ‘कसं चाललं, भाऊ?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘बरं हाय.’ सोसायटीचं कर्ज थकलंय, मुलीचं लग्न ठरलंय, तरी ‘बरं हाय’. घरच्या कर्त्यानं डगमगायचं नाही, हे आपणच त्याला लहानपणापासून शिकवलं. सातबारा त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर. पाऊस आणि कापसाचा भाव मात्र त्याच्या हातात नाही. कोरडवाहू शेतीत कधीच कमी न पडणारा पुरुष होणं कुणालाही शक्य नाही. तरी पीक गेलं की त्याला वाटतं, आपणच नालायक ठरलो. हे तो बायकोलाही सांगत नाही. तो गेल्यावर तीच बाई तेच कर्ज, तीच शेती ओढते. मग जिवंतपणी ते ओझं दोघांनी का वाटून घेऊ नये?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. हे ओझं लग्नाआधीच सुरू होतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमलेले तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लोक हसले. मला त्यात अपमान दिसला. मुलीकडच्यांना नोकरी हवी, शेती हवी, शहरात घरही हवं. या मापात बसणारी पोरं गावात किती असतील?

शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करणाऱ्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन विचारतात, झोप लागते का, जेवण जातं का. गावच्या सुनेपुढे काय बोलायचं, म्हणून पुरुष उठून अंगणात जातो आणि उत्तरं बायको देते. तरीही काही जण पुढच्या खेपेला बोलतात. ते कशानं बोलते झाले, हे या ताईंना ठाऊक आहे. ‘टेलीमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक या सभागृहाच्या दाराशीच लावलाय, तो गावच्या पारावर आणि माझ्यासारख्यांच्या दुकानांतही लागला पाहिजे.

पहिलं सत्र आम्ही आशाताईंना दिलं आहे. समोरच्या रांगांत बसलेल्या पुरुषांना विनंती आहे, आज उठून बाहेर जाऊ नका. ताई, या, व्यासपीठावर या.