ठिणगीची वेळ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या विज्ञान प्रदर्शनात, जुन्या मोटारीच्या इंजिनाशेजारी दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या शाळेची पहिली तुकडी भरली त्या काळी भारतातील रस्त्यांवर प्रामुख्याने तीन मोटारी दिसत. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबेसेडर, मुंबईत कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. रूपे निरनिराळी, परंतु तिन्हींच्या पोटातील व्यवस्था सारखीच होती : चार सिलिंडर, पेट्रोल, आणि चौघांना क्रमाने ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. आजच्या मोटारीत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. त्या मोटारींत ती माणसाला लावून द्यावी लागे. हे ‘टायमिंग लावणे’ म्हणजे काय, हा आजचा विषय.

दट्ट्या अगदी माथ्यावर पोचला की ठिणगी पडते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ती त्याआधी पडावी लागते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण एका क्षणात पेटून संपत नाही. ज्योत प्लगपाशी जन्म घेते आणि पसरत जाते. त्याला ढोबळमानाने २ सहस्रांश सेकंद लागतात. दाब कमाल व्हायला हवा तो दट्ट्या माथ्यावरून खाली वळल्यानंतर, १०-१५ अंशांच्या सुमारास. तेव्हाच त्या दाबाचे सामर्थ्य चाकांपर्यंत पोचते.

हे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास ७५ सहस्रांश सेकंद लागतात आणि २ सहस्रांशांत क्रँकशाफ्ट साधारण १० अंश फिरतो. फेरे ३००० झाले की तेवढ्याच अवधीत तो ३६ अंश फिरतो. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडली पाहिजे. ही वाढ डिस्ट्रिब्युटरमधील स्प्रिंगांना अडकवलेली दोन वजने आपोआप साधतात. इंजिनावर भार कमी असताना निर्वाताची नळी तीत भर घालते. मात्र या दोन्ही यंत्रणा आपले मोजमाप एका मूळ बिंदूपासून करतात. तो बिंदू हाताने लावायचा असतो आणि तोच चुकला तर पुढचे सारे चुकते.

पद्धत सोपी आहे, पण क्रम मोडून चालत नाही. प्रथम पॉइंटांमधील फट मापपट्टीने लावावी. ती बहुतेक इंजिनांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. फट बदलली की वेळही बदलते, म्हणून हे काम आधी. मग स्विच बंद ठेवून प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरावा आणि इंजिन हँडलने सावकाश फिरवावे. अंगठा आतून ढकलला जाऊ लागला, की दट्ट्या मिश्रण दाबण्यासाठी वर येत आहे असे समजावे. पुलीवरील खूण पुस्तकात सांगितलेल्या अंशावर आणावी. खूण ओलांडली गेली, तर इंजिन बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे आणावे. नाहीतर साखळीतील ढिलाई माप बिघडवते.

आता डिस्ट्रिब्युटरची पकड सैल करून १२ व्होल्टचा छोटा दिवा पॉइंटांची तार आणि इंजिनाचे अंग यांच्यामध्ये जोडावा आणि स्विच चालू करावा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने डिस्ट्रिब्युटर फिरवला की पॉइंट मिटतात आणि दिवा विझतो. मग उलट दिशेने केसभर केसभर फिरवत यावे. दिवा लागला, तो पॉइंट उघडण्याचा क्षण. ठिणगीही त्याच क्षणी पडते. तेथे पकड आवळावी आणि पुन्हा एकदा तपासावे, कारण आवळतानाही तो थोडा सरकतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे येथील एका अंशाची चूक तेथे दोन अंशांची होते.

चुकीची किंमत मोठी असते. ठिणगी फार आधी पडली, तर चढावर इंजिनातून धातूवर हातोडी बसावी तसा टणटण आवाज येतो. त्याकडे दुर्लक्ष झाले तर दट्ट्याला भोकही पडू शकते. शिवाय असे इंजिन हँडलने सुरू करताना हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका असतो. ठिणगी उशिरा पडली तर आवाज होत नाही, पण इंजिन तापते, जोर कमी होतो आणि पेट्रोल वाया जाते. हा दुसरा दोष अधिक फसवा आहे. पॉइंटांची टाच झिजते, फट हळूहळू कमी होते आणि वेळ रोज किंचित मागे पडते. चालक त्या मंदपणाला सरावतो. गाडी म्हातारी झाली, असे म्हणू लागतो. दोष वयाचा नसतो. तपासणी राहून गेलेली असते.

आणि पुस्तकातील अंश हा प्रारंभ आहे. पेट्रोलची प्रत, सिलिंडरची झीज, आत साठलेला कोळसा यांनुसार प्रत्येक इंजिन थोडे वेगळे वागते. म्हणून जाणता कारागीर शेवटी गाडी चढावर नेतो, वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबतो आणि कान देतो. टणटण ऐकू आली तर वेळ किंचित मागे घेतो.

मुलांच्या बाबतीत घर आणि शाळा यांचे काम याहून फारसे निराळे नाही. प्रेरणा गरजेच्या थोडी आधी मिळावी लागते. फार आधी लादली तर भाराखाली मूल आतून ठेचले जाते. फार उशीर झाला तर ते तक्रार करत नाही, नुसते मंदावते, आणि आसपासची माणसे त्या मंदपणाला त्याचा स्वभाव समजतात. अभ्यासक्रमाचा अंश सर्वांना एकच छापलेला असतो. तेवढा लावून थांबू नये. एकेका मुलाकडे कान देण्याचे काम त्यानंतरही उरते.

प्रदर्शनातील इंजिनावर दिवा जोडून ठेवला आहे. तो विझवून पुन्हा नेमक्या जागी लावून पाहावा, हे सर्वांना आग्रहाचे निमंत्रण.