बाकाचं लाकूड आणि गोंदाची चकाकी

(लवासा येथील स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



काल रात्री सगळ्यांच्या हातात पेन पडलं आणि दोन प्रश्न सुरू झाले. पहिला, हे खरंच आपल्या बाकांचं लाकूड आहे का? हो, आहे. शाळेत लोखंडी बाक आले तेव्हा जुने भंगारात निघाले, त्यातले 3 मी मागून आणले. अस्सल सागवान. काहींच्या पेनावर निळसर डाग दिसेल, तो आपल्याच कोणाच्या तरी सांडलेल्या शाईचा. कोणाच्या, ते आता शोधू नका.

दुसरा प्रश्न जेवताना आपल्याच एका मैत्रिणीने विचारला. "इतकं जुनं लाकूड, आणि त्यावर प्लास्टिक कशाला फासलंस?" संयोजकांनी मला छंदावर बोलायला सांगितलंय, पण मी या प्रश्नावरच बोलतो.

प्लास्टिकच आहे, यात वाद नाही. ही चकाकी सायनोअ‍ॅक्रिलेटची, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीच्या गोंदाची. 1942 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ हाती लागला, पण दिसेल त्याला चिकटायला लागला, म्हणून बाजूला टाकला. 1951 मध्ये त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं आणि 1958 मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. लाकडी पेनं करणाऱ्यांनी पुढे त्याचा पॉलिश म्हणून उपयोग सुरू केला, तो याच गुणामुळे. घट्ट बसतो, काचेसारखा दिसतो, आणि मिनिटांत वाळतो.

खरं तर 'वाळतो' हा शब्द चुकीचा आहे. रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं. या गोंदाचं उलटं आहे. हवेतला, लाकडावरचा ओलावा मिळाला की तो घट्ट होतो. म्हणून खिडकीबाहेर बघा. मोसे खोऱ्यातला हा पाऊस, समोरचं वरसगावचं पाणी, अंगावरचे कपडे दोन दिवस दमट. मी लेथ इथे का आणला नाही, ते या धुक्याला विचारा. अशा हवेत गोंद भराभर घट्ट होतो आणि त्याची वाफ पांढुरकी भुकटी होऊन पेनावरच बसते. चकाकीऐवजी खडूचा हात फिरवल्यासारखं दिसतं. तुमची सगळी पेनं मी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात केली.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे लाकूड चकाकवण्याची परंपरा आहेच की. सावंतवाडीची खेळणी आठवा. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. कर्नाटकात चन्नपट्टणलाही हेच, वर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चमक आणतात. मला विचाराल तर दिसायला लाखेची चमक जास्त सुंदर. ऊब आहे तिच्यात. मी सुरुवातीची पेनं लाखेचीच केली.

पण खेळणं आणि पेन यात फरक आहे. पेन रोज तासन्‌तास घामेजल्या बोटांत असतं. लाख उष्णतेने मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीत पेन राहिलं की कळतं. शिवाय ती स्पिरिटमध्ये विरघळते. कोविडपासून आपण सगळे हाताला सॅनिटायझर चोळतो, तो अल्कोहोलच. ओल्या हाताने लाखेचं पेन धरलं की ते चिकट होतं. आणि आपल्या लाकडात तर शाईचे डाग आहेत. स्पिरिटमधली लाख लावली तर ते फुटून पसरण्याची भीती. गोंदात ना पाणी ना स्पिरिट, डाग जागच्या जागी राहतो. मला तो डागच वाचवायचा होता.

करायचं कसं, ते थोडक्यात. लाकडाच्या तुकड्याला 7 मिलिमीटरचं भोक, आत पितळी नळी, मग लेथवर घडण. सॅंडपेपर 150 पासून 600 पर्यंत. सागवान तेलकट असतं, त्यामुळे गोंद लावण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं, नाहीतर थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. मग लेथ हळू फिरवायचा, कागदी टिश्यूच्या घडीवर दोन-तीन थेंब, आणि एका हातात सरकन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परत मागे जायचं नाही. मागे गेलात की टिश्यूचे धागे अडकले. असे आठ-दहा पातळ हात. घाई असेल तर लवकर घट्ट करणारा फवारा मिळतो, पण तो जास्त मारला की थरात बुडबुडे धरतात. सगळे हात झाले की पाण्याखाली बारीक घासणी, 1500 पासून 12000 पर्यंत. गंमत म्हणजे घासायला सुरुवात केली की पेन आधी पार मळकट दिसतं. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो. चमक शेवटच्या दोन-तीन घासण्यांतच येते.

काल रात्री उशिरा ठराव झाला की शाळेत आठवीच्या मुलांसाठी हा उपक्रम सुरू करायचा. वर्गणीही जमायला लागली. मी तेव्हा गप्प होतो, आता बोलतो. लेथ द्या, लाकूड द्या, शिकवायला मी दर शनिवारी येईन. पण हा गोंद वर्गात येणार नाही. त्याची वाफ डोळ्यांना, घशाला झोंबते. सुती कापडावर तो भसकन सांडला तर कापड तापून धूर येतो, कातडी भाजते. मुलांचा गणवेश सुतीच असतो. मी स्वतः चष्मा, मास्क आणि पाठीमागून पंखा याशिवाय बाटली उघडत नाही. बोटं चिकटली तर ओढायची नाहीत, कोमट साबणाच्या पाण्यात सोडवायची, हे मोठ्यांना सांगितलं तरी ते ओढतातच. मुलांना लाख शिकवू, मेण शिकवू. जमलं तर सावंतवाडीहून एखादे कारागीर आठवडाभर बोलावू. वर्गणीचा तो सगळ्यात चांगला उपयोग होईल. चकाकी थोडी कमी येईल, येऊ दे.

ज्यांना घरी करायचं आहे त्यांच्यासाठी एकच. बाटली हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. फ्रिजमध्ये ठेवली असेल तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गार बाटलीत दव धरलं की गोंद आतच दगड.

पेनाची चमक वर्षा-दोन वर्षांनी मंदावेल, बारीक ओरखडे येतील. तेव्हा नुसतं पाठवून द्या, वरवर घासून पुन्हा पॉलिश होतं, लाकडाला हात लावावा लागत नाही. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन मात्र त्यापासून लांब ठेवा, त्याने हा थर विरघळतो. आणि काल दोघांनी तक्रार केली की त्यांच्या पेनाला काळा ठिपका आहे. ती खिळ्याची भोकं आहेत, लाकडाची भुकटी आणि गोंद भरून बुजवलेली. बदलून मिळणार नाहीत.